सिटीकॉर्प सेंटर
न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागातील एक प्रसिद्ध गगनचुंबी बँक-कार्यालय. ५९ मजली व सु. २७९ मी. उंचीची ही इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली. वास्तुशिल्पज्ञ ह्यू स्टबिन्स व संरचना अभियंता विल्यम लमेझर हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. पुढे तिचे ‘६०१ लेक्झिंग्टन अव्हेन्यू’ असे नामांतर झाले.

जागेच्या वायव्य कोपऱ्यात सेंट पीटर्स हे ल्यूथरन चर्च होते. त्याच जागी स्वतंत्र नवे चर्च उभारावे व बँकेच्या इमारतीचा एकही स्तंभ त्यातून जाऊ नये, या अटीवर चर्चने व्यवहार केला. त्यामुळे चार प्रचंड स्तंभ कोपऱ्यांऐवजी प्रत्येक बाजूच्या मध्यावर आले आणि कार्यालयाचे मजले जमिनीपासून सु. ३५ मी. उंचावर सुरू झाले. या अडचणीतूनच वास्तूचा खरा गुण निर्माण झाला : तिच्याखाली चर्च, दुकाने व खोलगट चौक यांना मोकळी जागा लाभली. बँकेच्या वास्तूने पादचाऱ्याला एवढी जागा देणे विरळाच.

बाह्यरूपाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. मजल्यांचा भार स्तंभांकडे नेणारे पोलादी तिर्यक आधार ॲल्युमिनियम व काच यांच्या आवरणाआड झाकले गेले. सौर ऊर्जेची कल्पना सोडून दिल्यावर ४५ अंशांत उतरणारे छप्पर केवळ ओळखीची खूण म्हणून उरले. वाऱ्याने होणारे दोलन कमी करण्यासाठी माथ्यावर बसविलेला सु. ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा ही योजना मात्र त्या काळी अभिनव होती.

संरचनेतील आधारांच्या जोडण्या वितळजोडाऐवजी बोल्टांनी केल्या होत्या. कोपऱ्यांवर तिरपा आदळणारा वारा जमेस धरता त्या अपुऱ्या ठरतात, असे १९७८ मध्ये लमेझर यांच्या लक्षात आले. त्यांनी ही चूक स्वतः संबंधितांना कळविली आणि रात्रीच्या वेळी जोडण्यांवर पोलादी पट्ट्या वितळजोडून इमारत बळकट करण्यात आली. मात्र आत काम करणारे व भोवती राहणारे लोक या धोक्याविषयी अनभिज्ञच राहिले. सर्व हकीकत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

चूक कबूल करण्याचे धैर्य निःसंशय प्रशंसनीय होय. परंतु ज्यांच्या जिवाला धोका होता त्यांच्यापासूनच ती लपविली गेली, हा दोष त्यामुळे झाकला जात नाही. भूतलावर नागरिकांना मोकळेपणाने सामावून घेणारी ही वास्तू संकटकाळी मात्र त्यांना विश्वासात घेऊ शकली नाही. तिचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू लक्षात घ्याव्या लागतात.