‘एवं मे सुतं’ : एका उलट्या इंग्रजी वाक्याची चिकित्सा

गेल्या वर्षावासात वसई तालुक्यातील वालीव येथे सुत्तवाचनाच्या निमित्ताने काही रविवारी जाण्याचा योग आम्हांस आला. वालीव हा कारखान्यांचा परिसर आहे. पाळी संपवून आलेले कामगार, त्यांच्या घरची मंडळी आणि शाळा-महाविद्यालयांत शिकणारी मुले असा तेथील श्रोतृवर्ग होता. मूळ पाली, मराठी अर्थ आणि पडताळ्यासाठी एखादे इंग्रजी भाषांतर, असा वाचनाचा क्रम ठेवला होता. पहिल्याच दिवशी, सुत्ताचा पहिलाच शब्दसमूह वाचून होतो न होतो तोच, दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने हात वर केला. ‘एवं मे सुतं’ याचे इंग्रजी ‘दस हॅव आय हर्ड’ असे आम्ही वाचले होते. ती म्हणाली, “सर, ‘हॅव’ आधी आणि ‘आय’ नंतर आले की वाक्य प्रश्नार्थक होते, असे आम्हांला शाळेत शिकवले आहे. मग हा प्रश्न आहे का? आणि असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह का नाही?”

“ती जुन्या वळणाची इंग्रजी आहे,” असे उत्तर देऊन आम्ही पुढे गेलो. ते उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. शंका विचारणाऱ्याला गप्प करणारे उत्तर धम्माच्या अभ्यासवर्गात शोभत नाही. म्हणून त्या प्रश्नाचा विचार येथे सविस्तर करीत आहोत.

प्रथम इंग्रजी वाक्याची रचना पाहू. इंग्रजीच्या प्राचीन अवस्थेत वाक्याच्या आरंभी क्रियाविशेषण आले की क्रियापद दुसऱ्या स्थानी येई आणि कर्ता त्याच्या मागे जाई. जर्मन भाषेत हा क्रम आजही रोजच्या बोलण्यातला आहे. इंग्रजीतून मात्र तो हळूहळू मावळला. आता तो ‘कधीच नाही’, ‘क्वचितच’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होणाऱ्या काही वाक्यांत, प्रश्नांत आणि मुद्दाम गंभीर केलेल्या भाषेत उरला आहे. ‘दस हॅव आय हर्ड’ हे या शेवटच्या प्रकारातले वाक्य होय. ते प्रश्नार्थक नाही. ‘दस’ हा शब्द अग्रस्थानी आल्यामुळे ‘हॅव’ ‘आय’च्या पुढे गेले, एवढेच.

परंतु व्याकरण सांगून झाले म्हणजे चिकित्सा संपत नाही. अशा उलट्या क्रमाच्या वाक्याचा इंग्रजी वाचकाच्या मनावर कोणता संस्कार होतो, हे पाहिले पाहिजे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात परमेश्वराचा आदेश सांगताना प्रेषित ज्या ठरावीक वाक्याने आरंभ करतात, तेही ‘दस’ याच शब्दाने सुरू होते आणि त्यातही क्रियापद कर्त्याच्या आधी येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाली सुत्ते इंग्रजीत येऊ लागली, तेव्हा त्यांचे वाचक याच बायबलवर वाढलेले होते. भाषांतरकारांचा हेतू काय होता हे आम्ही सांगू शकत नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. सुत्ताच्या उंबरठ्यावरच ईश्वरी वाणीचा घंटानाद ऐकू येतो. मॉरिस वॉल्श यांनी १९८७ साली दीघनिकायाच्या आपल्या भाषांतराला हेच वाक्य शीर्षक म्हणून दिले, इतके ते रूढ झाले होते.

आता मूळ पाली पाहू. ‘एवं’ हे अव्यय. ‘सुतं’ हे ‘सु’ धातूचे, म्हणजे संस्कृत ‘श्रु’ धातूचे, कर्मणी भूतकृदन्त, नपुंसकलिंगी एकवचनी. ‘मे’ हे ‘अहं’ या सर्वनामाचे आघातहीन लघुरूप. या रूपाचे तीन अर्थ होतात, असे आचार्य बुद्धघोष सांगतात : तृतीयेचा ‘माझ्याकडून’, चतुर्थीचा ‘मला’ आणि षष्ठीचा ‘माझे’. प्रस्तुत ठिकाणी ‘माझ्याकडून ऐकले गेले’ आणि ‘माझे ऐकणे’ हे दोन अर्थ जुळतात, असा त्यांचा निर्णय आहे. ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद वाक्यात नाही. शिवाय ‘मे’ हे रूप आघातहीन असल्यामुळे ते वाक्याच्या आरंभी येऊ शकत नाही. दुसऱ्या कोणत्या तरी शब्दाला टेकूनच ते उभे राहते. याचा अर्थ असा की या वाक्यात ‘मी’ आहे, पण तो मिरवत नाही. ऐकणारा हजर आहे. परंतु वाक्याचा विषय तो नसून जे ऐकले ते आहे. इंग्रजीत मात्र कर्मणीचे कर्तरी झाले आणि ‘आय’ वाक्याचा धनी झाला.

या ठिकाणी मराठी वाचकाने आपल्या भाषेकडे पाहावे. ‘मी ग्रंथ वाचला’, ‘मी चिठ्ठी वाचली’, ‘मी पत्र वाचले’ या वाक्यांत क्रियापद ‘मी’च्या मागे जात नाही, कर्माच्या मागे जाते. शाळेत आपण यालाच कर्मणी प्रयोग म्हणून शिकतो. ही रचना मराठीला प्राकृताकडून वारशाने मिळाली आहे. जुन्या मराठीत येथे ‘मियां’, ‘म्यां’ अशी रूपे येत. ती ‘मया’ या तृतीयान्त रूपाची आठवण होत. मराठी थेट पालीतून जन्मली असे आमचे म्हणणे नाही; तिची वंशपरंपरा महाराष्ट्री प्राकृताची आहे. परंतु पाली व महाराष्ट्री या एकाच मध्यकालीन भाषाकुलातल्या बहिणी आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली व प्राकृत यांना एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा दिला, हा योगही म्हणूनच अर्थपूर्ण वाटतो. ‘एवं मे सुतं’चे मराठी ‘असे मी ऐकले’. शब्दाला शब्द, क्रमाला क्रम, प्रयोगाला प्रयोग. जे साधण्यासाठी इंग्रजीला वाक्य उलटे करावे लागले, ते वालीवच्या कामगाराच्या घरात सरळ बोलले जाते.

असे असताना आमच्याकडील काही प्रवचनांत आणि पुस्तिकांत ‘असे ऐकिवात आहे’ किंवा ‘असे सांगतात’ अशी रूपे आढळतात. ही चूक इंग्रजीहून गंभीर आहे, कारण तिच्यात ‘मे’ नाहीसा होतो. ऐकणारा गेला की साक्ष जाते आणि वदंता उरते. अलीकडे भिक्खू सुजातो यांनी आपल्या इंग्रजी भाषांतरात उलटा क्रम टाकून ‘सो आय हॅव हर्ड’ अशी सरळ रचना केली. बायबलचा सूर त्यामुळे गेला, हे चांगलेच झाले. पण बोलीतल्या इंग्रजीत हे शब्द ‘असे ऐकून आहे खरे’ अशा सैल अर्थानेही उच्चारले जातात. एक भाषांतर आकाशवाणीकडे झुकते, तर दुसरे वदंतेकडे झुकण्याचा धोका आहे. मूळ वाक्य या दोहोंच्या मधले आहे : ती एका माणसाची जबानी आहे.

‘जबानी’ हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक योजिला आहे. चुल्लवग्गात राजगृहाच्या पहिल्या संगीतीचा वृत्तान्त आहे. तेथे आनंद आपण होऊन घोषणा करीत नाहीत. महाकस्सप विचारतात : ब्रह्मजालसुत्त कोठे सांगितले गेले? आनंद उत्तर देतात : राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यान, अंबलट्ठिकेच्या राजविश्रामगृहात. कोणाच्या संबंधात? सुप्पिय परिव्राजक आणि ब्रह्मदत्त माणवक यांच्या. म्हणजे सुत्ताच्या आरंभी येणारे स्थळ आणि व्यक्ती ही साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आपल्या देशातील १८७२ च्या पुरावा कायद्याने ऐकलेल्या गोष्टीची तोंडी साक्ष ज्याने ती स्वतः ऐकली त्याचीच असली पाहिजे, असा दंडक घातला होता, आणि २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. ‘मे सुतं’ हे त्याच कसोटीचे वाक्य आहे.

याच वृत्तान्तात पुढे दक्षिणागिरीहून पुराण नावाचे स्थविर येतात. संगीतीने संकलित केलेला धम्म स्वीकारा, अशी विनंती त्यांना केली जाते. थेरांनी उत्तम संगायन केले आहे, असे ते म्हणतात. पण भगवंतांच्या समक्ष आपण स्वतः जसे ऐकले तसेच आपण धारण करू, असे नम्रपणे सांगतात. त्यांच्या तोंडीही ‘सुतं’ आहे आणि तृतीयान्त ‘मया’ आहे. एका ‘मे सुतं’समोर दुसरे ‘मया सुतं’ उभे राहते आणि संघाच्या ग्रंथात त्याची नोंद राहते. प्रेषिताच्या वाक्यासमोर असे दुसरे वाक्य उभे राहू शकत नाही.

येथेच ‘सुत’ आणि ‘श्रुति’ यांचा भेद स्पष्ट होतो. दोन्ही शब्द एकाच धातूचे. परंतु मीमांसकांच्या मते श्रुति अपौरुषेय आहे. तिला रचणारा नाही, म्हणून तिला चूक लागत नाही. आणि चूक लागत नाही म्हणून तिला प्रश्न विचारता येत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९८७ साली शासनाने प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वेदांच्या या अभ्रांततेची कठोर चिकित्सा केली आहे. याउलट ‘सुत’ हे पौरुषेय आहे : माणसाने माणसाकडून, अमुक स्थळी ऐकलेले. ‘मे’ हा एवढासा शब्द काढून टाकला की ‘सुत’ची ‘श्रुति’ व्हायला वेळ लागत नाही. आम्ही या दोन मात्रांच्या शब्दासाठी इतका आग्रह धरतो, तो याकरिता.

माणसाने ऐकलेले असल्यामुळे ते चुकू शकते, हेही ओघाने आलेच. महापरिनिब्बानसुत्तात भोगनगर येथे तथागतांनी चार महापदेश सांगितले आहेत. एखादा भिक्खू म्हणेल की हे मी भगवंतांच्या समक्ष ऐकले. तरी त्याचे अभिनंदनही करू नका आणि धिक्कारही करू नका. त्याचे शब्द सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहा. जुळले तर घ्या, न जुळले तर सोडा. ध्यानात घ्यावे की त्या भिक्खूच्या तोंडी जे वाक्य घातले आहे, त्याचीही रचना ‘मे’ आणि ‘सुतं’ यांचीच आहे. ज्या वाक्याने सुत्ते सुरू होतात, त्याच घडणीचे वाक्य तपासून घेण्याची आज्ञा स्वतः शास्त्याने दिली आहे.

बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेच सूत्र पुढे नेले. भाणकांच्या मौखिक परंपरेत बुद्धवचनांचे विपर्यस्त कथन कसे होई, हे त्यांनी अलगद्दूपमसुत्तासह पाच सुत्तांचा आधार देऊन दाखविले, आणि जे बुद्धिसंगत नाही, ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध नाही, ते बुद्धवचन मानता येणार नाही, अशी कसोटी दिली. बाबासाहेबांनी पाली व्याकरण व पाली शब्दकोश यांसाठी किती परिश्रम घेतले, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडावरून दिसते. व्याकरण हे पंडितांचे भूषण नव्हे, चिकित्सेचे हत्यार आहे, हे त्यांनी ओळखले होते.

त्या दिवशी वालीवला त्या मुलीच्या आईनेही एक प्रश्न विचारला होता : “आणि सर, यातला ‘मी’ कोण?” परंपरा सांगते, आनंद. परंतु सर्वत्र नाही. इतिवुत्तकातील सुत्तांतही ‘मे सुतं’ हे शब्द येतात, आणि तो ग्रंथ खुज्जुत्तरेने ऐकून सांगितलेल्या वचनांचा आहे, असे अट्ठकथा सांगते. खुज्जुत्तरा ही कोसंबीच्या सामावती राणीची दासी. ती धम्म ऐकून येई आणि अंतःपुरातील स्त्रियांना सांगे. बहुश्रुत उपासिकांत ती अग्र होय, असा तिचा गौरव अंगुत्तरनिकायात आहे. आता व्याकरणाची गंमत पाहावी. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ म्हणताना बोलणारा पुरुष की स्त्री हे मराठीत लगेच कळते. ‘मी ऐकले’ म्हणताना कळत नाही. पालीतही ‘मे सुतं’वरून कळत नाही. स्थविर असो वा दासी, साक्षीचे वाक्य एकच आहे.

वालीवपासून थोड्याच अंतरावर सोपारा आहे. तेच पाली ग्रंथांतले सुप्पारक. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. उदानातील कथेप्रमाणे याच सुप्पारकाच्या समुद्रकिनाऱ्यावरून वल्कलधारी बाहिय श्रावस्तीपर्यंत चालत गेला, आणि तथागतांनी त्याला जो संक्षिप्त उपदेश केला त्यात एक गोष्ट अशी होती की ऐकलेल्यात केवळ ऐकलेलेच असू द्यावे. तो उपदेश ध्यानसाधनेचा आहे, भाषांतरकारांसाठी नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही भाषांतरकाराला याहून उत्तम सूचना आम्हांस सुचत नाही. ऐकलेल्यात घंटानाद मिसळू नये, आणि ऐकणाऱ्याला वगळूही नये.

त्या मुलीला आता आमचे उत्तर असे आहे. मुली, ते वाक्य प्रश्न नाही. ती महाकस्सपांच्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या साक्षीदाराची जबानी आहे, आणि ती ऐकून पुढचा प्रश्न विचारण्याचा अधिकार तथागतांनी तुला दिला आहे. तू तो बजावलास. उपासक-उपासिकांनी आपापल्या विहारात सुत्तवाचन करताना ‘असे मी ऐकले’ हेच तीन शब्द म्हणावेत, त्यांतील ‘मी’ गाळू नये, आणि वाचन झाल्यावर शंकेसाठी वेळ राखून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.