एसईएम म्हणजे नक्की कोणता एसईएम?

प्रबंध लाटेकमध्ये लिहायला घेतला की कुणीतरी सांगतंच : लघुरूपं हाताने लिहू नकोस, 'ग्लॉसरीज' पॅकेज वापर. सल्ला चांगला आहे. निकोला टॅलबट यांच्या या पॅकेजमध्ये लघुरूप आणि पूर्ण रूप एकदाच नोंदवायचं, त्याला एक लेबल द्यायचं आणि मजकुरात फक्त ते लेबल वापरायचं. पहिल्या वेळी पूर्ण रूप आणि कंसात लघुरूप छापलं जातं, पुढे नुसतं लघुरूप. परिच्छेद वरखाली हलवले तरी हिशोब चुकत नाही. शिवाय लघुरूपांची यादी आयती मिळते.

मग तक्रार कसली? तर पॅकेज बघतं लेबल, आणि वाचकाला दिसतं लघुरूप. माझ्या मसुद्यात एसईएम दोन लेबलांखाली होतं. एक स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, दुसरं स्टँडर्ड एरर ऑफ द मीन. फाइल बिनबोभाट कंपाइल झाली, एकही वॉर्निंग नाही. चौथ्या प्रकरणात कणांचा एसईएम फोटो, शेजारी आलेख, आणि त्याखाली 'एरर बार म्हणजे एसईएम'. लाटेकच्या लेखी सगळं बरोबर!

दुसरा मुद्दा 'पहिल्या वेळी'चा. कुणाच्या पहिल्या वेळी? पॅकेज दस्तऐवजाच्या क्रमाने मोजतं. पण चौथं प्रकरण थेट उघडणाऱ्या वाचकाला पूर्ण रूप पहिल्या प्रकरणातच राहिलेलं असतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला 'जीएलएसरीसेटऑल' ही कमांड टाकली की मोजणी नव्याने सुरू होते. सारांशानंतर तर ती हवीच.

तिसरा मुद्दा आपल्या सवयीचा. लघुरूप करणं इतकं सोपं झालं की आपण करतच सुटतो. एड्रियन बार्नेट आणि झोई डबलडे यांनी २०२० साली 'ईलाइफ'मध्ये १९५० ते २०१९ या काळातल्या २.४ कोटींहून जास्त शीर्षकांचा आणि १.८ कोटी सारांशांचा अभ्यास मांडला. त्यांना दहा लाखांहून जास्त वेगवेगळी लघुरूपं सापडली. त्यातली ७९ टक्के दहापेक्षाही कमी वेळा आली होती. म्हणजे बहुतेक लघुरूपं लेखकाच्या सोयीपुरतीच जन्माला येतात.

या बाबतीत क्लेमेन्स नीडरबर्गर यांचं 'अ‍ॅक्रो' पॅकेज मला जास्त शहाणं वाटतं. त्यात 'सिंगल' नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की दस्तऐवजात एकदाच आलेल्या शब्दाचं लघुरूप होत नाही, पूर्ण रूपच छापलं जातं. हे लघुरूप मुळात हवंय का, हा प्रश्न निदान तिथे विचारला जातो.

मी ग्लॉसरीज सोडलेलं नाही. फक्त स्टँडर्ड एरर आता सगळीकडे पूर्ण लिहितेय. आलेखाखालची ओळ थोडी लांबली, पण ती वाचून कुणी मायक्रोस्कोप शोधायला जाणार नाही.