नायगराच्या वाटेवरचे शहर

अमेरिकेची वारी करून आलेल्यांची प्रवासवर्णने अभिप्रायासाठी आमच्याकडे अधूनमधून येत असतात. अलीकडे त्यांची अनुक्रमणिका पाहण्याची गरज आम्हांला उरलेली नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, व्हाइट हाउस, नायगरा, लास व्हेगासची रोषणाई, हॉलिवूड आणि शेवटी डिस्नेलँड. लेखक बदलतो, वाट बदलत नाही. धबधबा प्रत्येकाच्या डोळ्यांचे पारणे फेडतो आणि इमारती प्रत्येकाच्या पुस्तकात गगनाला भिडतात. यात सगळा दोष लेखकाच्या प्रतिभेचा आहे असे आम्हांला वाटत नाही. सहल-कंपनीने दाखवले तेवढेच पाहिले, तर निराळे लिहायचे तरी काय?

आरंभी मात्र असे नव्हते. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई 1886 साली फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे त्या देशात बरेच हिंडल्या. 1889 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे नाव होते ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून! तेथील राज्यकारभार, शाळा, परोपकारी संस्था आणि स्त्रियांची अवस्था हे त्यांचे विषय होते. मराठी माणसाने अमेरिका कशी पाहावी, याचा एक उत्तम नमुना आमच्या भाषेत इतका आधी तयार होता, आणि आपण तो बाजूला ठेवला.

हे सारे आठवण्यास कारण घडले ते बफलो या शहराचे. तेथे आमचा पुतण्या नोकरीनिमित्त राहतो. त्याच्याकडे आम्ही उभयता गेलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, “काका, इथं बघण्यासारखं काही नाही. उद्या नायगरा करू आणि शनिवारी न्यूयॉर्कला निघू.” नायगरा तेथून सुमारे 30 किलोमीटरवर आहे. आपल्याकडील कितीतरी मंडळी धबधब्यापर्यंत पोहोचतात, पण बफलोचे नाव त्यांच्या पत्रकात आलेच, तर रात्रीच्या मुक्कामापुरते येते.

अमेरिकेतील अशा अप्रसिद्ध शहरांना जावे की नाही, या प्रश्नाला त्यांचे कैवारी सहसा एकच उत्तर देतात: तेथे खर्च कमी आणि गर्दीही कमी. हे समर्थन आम्हांला फार दुबळे वाटते. स्वस्त म्हणून घेतलेल्या पुस्तकाप्रमाणे स्वस्त म्हणून पाहिलेले शहरही अर्ध्यावरच राहते. शहराने स्वतःच्या बळावर उभे राहिले पाहिजे.

बफलो तसे उभे राहते. लुई सलिव्हन आणि त्यांचे भागीदार अ‍ॅडलर यांची ‘गॅरंटी बिल्डिंग’ तेथे 1896 साली पूर्ण झाली. 13 मजल्यांचे अप्रूप आज मुंबईच्या उपनगरातही कोणाला नाही. पण पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतीने आपली उंची लपवू नये, ती डौलाने मिरवावी, हा विचार येथे इतका स्पष्ट दिसतो की पुढे बांधलेल्या शेकडो मनोऱ्यांपुढे तो विसरला जात नाही. भाजलेल्या मातीच्या नक्षीने ती पायापासून माथ्यापर्यंत मढवली आहे. जवळ जाऊन पाहिले, तर वीतभर जागाही मोकळी सोडलेली नाही. त्याच शहरात सलिव्हनचे शिष्य फ्रँक लॉइड राइट यांनी डार्विन मार्टिन यांच्यासाठी बांधलेले घर आहे. मार्टिन ज्या साबण-कंपनीत अधिकारी होते, त्या लार्किन कंपनीचे कार्यालयही राइट यांनीच बांधले होते. ते 1906 साली उभे राहिले आणि 1950 साली पाडण्यात आले. आज तेथे विटांचा एक खांब शिल्लक आहे. आम्हांला तो खांब पाहण्यात अर्धा तास घालवावासा वाटला. पुतण्या गाडीतच बसून होता.

पण बफलोची खरी ओळख धक्क्यावर पटते. 1825 साली ईरी कालवा खुला झाला आणि सरोवरांच्या वाटेने येणारा पश्चिमेचा गहू येथे उतरून कालव्याच्या होड्यांत भरला जाऊ लागला. हे काम मजुरांच्या पाठीवर चाले. 1842 साली जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने डनबार नावाच्या अभियंत्याकडून वाफेवर चालणारे धान्यकोठार उभारून घेतले. पट्ट्यावर बांधलेल्या डोण्यांची माळ जहाजाच्या पोटात सोडायची आणि धान्य उपसून वर न्यायचे. आपल्या वाड्यांतील जुन्या रहाटाचेच हे भावंड. पुढे त्यांच्या जागी काँक्रीटचे प्रचंड नळकांडे उभे राहिले. त्यांपैकी काहींची छायाचित्रे पाहून युरोपातील तरुण वास्तुविशारद भारावले. ल कॉर्ब्युझिए यांनी 1923 साली आपल्या ग्रंथात अमेरिकन कोठारांची चित्रे आदर्श म्हणून छापली. ज्यांनी चंदीगड पाहिले आहे, त्यांनी ही कोठारे पाहावीत. 1959 साली सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला, बोटी बफलोला न थांबता समुद्र गाठू लागल्या आणि बहुतेक कोठारे रिकामी पडली. न्याहारीच्या चीरिओजचा एक कारखाना मात्र अजून चालू आहे. वारा तिकडून असला, म्हणजे भर शहरात भाजलेल्या ओटचा वास येतो.

शहराच्या दक्षिणेला लागूनच लॅकवाना आहे. तेथील पोलादाच्या कारखान्यात एके काळी सुमारे 20,000 माणसे राबत. 1983 साली भट्ट्या थंडावल्या. त्याच गावात विजयमातेची बॅसिलिका आहे. फादर नेल्सन बेकर यांनी ती बांधली आणि 1926 साली तिचे अभिषेचन झाले. हे फादर बफलोचेच, सेमिनरीत जाण्यापूर्वी धान्य आणि चाऱ्याचे दुकान चालवणारे. देशभरातील कॅथलिक घरांना पत्रे पाठवून त्यांनी अल्प वर्गणी गोळा केली आणि अनाथालय, बालगृह, रुग्णालय उभारले. 2011 साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘आदरणीय’ म्हणून घोषित केले. तिचा घुमट देखणा आहे; पण त्या आधी तेथे पोरकी मुले होती, हे लक्षात ठेवून आत गेले की घुमट वेगळा दिसतो. आणखी एक गोष्टही सांगितली पाहिजे. याच धर्मप्रांताने लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांपुढे 2020 साली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे अनेक धर्मग्रामांचे विलीनीकरण झाले. पाहुण्याने केवळ घुमट पाहून परतणे प्रामाणिकपणाचे नाही.

शहराच्या पूर्व भागात आम्ही मुद्दाम गेलो. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेड यांनी बफलोत उद्याने आणि त्यांना जोडणारे वृक्षाच्छादित राजमार्ग आखले. त्यांतील हम्बोल्ट पार्कवेची झाडे तोडून, कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या मधोमध खोल चर खणून वेगमार्ग नेण्यात आला. याच भागातील एका दुकानात 14 मे 2022 रोजी एका वर्णद्वेष्ट्या गोऱ्या तरुणाने 10 कृष्णवर्णीयांची हत्या केली. 1950 साली 5,80,132 लोकसंख्या असलेल्या या शहरात 2020 साली 2,78,349 माणसे उरली होती. तरीही त्या दशकात ती थोडी वाढली होती. पडझडीची छायाचित्रे काढून हळहळणारे प्रवासी अशा जागी येतात. त्यांच्यात आणि लास व्हेगासच्या दिव्यांपुढे उभे राहणाऱ्यांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही.

आक्षेपही खरे आहेत. हिवाळ्यात तेथे जाण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही. डिसेंबर 2022 च्या हिमवादळात 40 हून अधिक माणसे दगावली. मेट्रोचा मार्ग एकच, सुमारे 10 किलोमीटरचा. मोटार नसेल, तर हात बांधल्यासारखे होते. शिवाय अमेरिकेतील प्रत्येक अप्रसिद्ध शहर म्हणजे बफलो नव्हे. रुंद रस्ता, वाहनतळ, तीच ती दुकाने आणि पुन्हा रुंद रस्ता, अशी गावे आम्ही पाहिली. तेथे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण आम्हांला सापडले नाही.

तथापि आपल्या धर्मग्रामांतील किती आईवडील मुलांकडे सहा-सहा महिने राहून येतात, याचा विचार करावा. मुले क्लीव्हलंडला असतात, पिट्सबर्गला असतात, कोलंबसला असतात. परत आल्यावर छायाचित्रे दाखवली जातात ती न्यूयॉर्कची. मुलगा ज्या रस्त्याने कामावर जातो, ज्या चर्चमध्ये रविवारी मिस्साला बसतो, ते शहर कसे वसले आणि कशाने खचले, हे ना त्याने विचारलेले असते, ना त्याच्या आईवडिलांनी. आमचा पुतण्या तेथे नऊ वर्षे आहे. धान्यकोठारांपाशी तो आमच्याबरोबर पहिल्यांदा आला.

न्यूयॉर्कहून बफलोला आगगाडी जाते. ती प्रथम हडसन नदीच्या काठाने चालते आणि वाटेत पोकिप्सी नावाचे गाव लागते. आनंदीबाई जोशी 1887 साली पुण्यात निवर्तल्या, आणि त्यांना अमेरिकेत आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांच्या अस्थी याच गावच्या दफनभूमीत, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवल्या. कोणत्याही सहलीच्या पत्रकात या गावाचे नाव आम्हांला आढळले नाही. गाडी तेथे थांबते.