संहितेविना उभी असलेली कला

मोठ्या करमणूक-उद्यानांतील जुन्या राइड्स जशाच्या तशा राखाव्यात की कालानुरूप बदलाव्यात, या वादात उभय पक्ष हिरिरीने बोलत असले, तरी या कलेच्या एका मूलभूत दौर्बल्याकडे दोघांचाही काणाडोळा होतो. 1882 साली रंगभूमीवर आलेले ‘सौभद्र’ पूर्वी रात्रभर रंगे आणि आज तीन तासांत आटोपते. परंतु त्यामुळे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संहितेचे एक अक्षरही कमी होत नाही, आणि उद्या एखाद्या मंडळीने मनावर घेतले, तर गाळलेली पदे पुन्हा गाता येतील. राइडला अशी वेगळी संहिता नाही. रुळांचे वळण, पुतळ्यांची मांडणी, दिव्यांचे कोन आणि दोन दृश्यांमधला मोजून ठेवलेला काळोख हीच तिची संहिता. ती मोडली, की आराखडे दफ्तरी राहतात आणि कृती मात्र नामशेष होते.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये 1967 च्या मार्चमध्ये, म्हणजे वॉल्ट डिस्ने यांच्या निधनानंतर तीन महिन्यांनी, सुरू झालेली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही या कलेतील अभिजात कृती होय. मार्क डेव्हिस प्रभृती कलावंतांनी तीत मुद्दामच कथानक ठेवले नाही: होडीत बसलेला प्रेक्षक प्रथम चाच्यांचे सांगाडे पाहतो, मग ते चाचे जिवंतपणी गाव लुटताना पाहतो, आणि अपराध व परिणाम यांचा हा उलटा क्रम त्याला कोणीही समजावून देत नाही. या राइडवरून 2003 साली चित्रपट निघाला, तो अफाट चालला, आणि 2006 साली त्याच चित्रपटातील कप्तान जॅक स्पॅरो मूळ राइडमध्ये ठिकठिकाणी बसविण्यात आला. लेकीने आईच्या घरी येऊन कारभार हाती घ्यावा, तसा हा प्रकार झाला. जो प्रेक्षक आजवर एका उद्ध्वस्त गावातून विस्मयाने जात होता, तो आता ओळखीचा चेहरा कोठे दिसतो एवढेच शोधू लागला. हा बदल कारागिरीच्या दृष्टीने निर्दोष आहे. म्हणूनच तो अधिक खेदजनक वाटतो.

याच राइडमधील स्त्रियांच्या लिलावाचे दृश्य 2018 साली बदलण्यात आले, त्याला मात्र मी नावे ठेवणार नाही. स्त्रीची विक्री हा विनोदाचा विषय होऊ शकत नाही, हे उमगल्यावरही केवळ प्राचीनतेच्या सबबीवर ते दृश्य चालू ठेवणे, याला जतन म्हणता येणार नाही. ‘स्प्लॅश माउंटन’चेही तेच. गुलामीनंतरच्या दक्षिणेतील मळ्यांचे गोडगुलाबी चित्र रंगविणाऱ्या 1946 च्या चित्रपटावर 1989 साली उभारलेली ही राइड 2023 मध्ये बंद झाली, आणि पुढील वर्षी तिच्या जागी राजकन्या टियानाची जलयात्रा आली. निर्णय रास्त होता. तक्रार आहे ती रचनेविषयी: जुन्या राइडमध्ये ससा कोल्ह्याच्या तावडीत सापडे आणि त्याच्या सुटकेच्या क्षणीच होडी कड्यावरून कोसळे, म्हणजे कडेलोट हाच कथेचा परमोत्कर्ष होता, नवीन राइडमध्ये मेजवानीसाठी वादक शोधावयाचे असतात, त्यामुळे संकट नाहीसे होऊन कडेलोट तेवढा उरला. (जुन्या ‘स्प्लॅश’मधील पुष्कळशी यांत्रिक जनावरे 1988 साली बंद पडलेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या प्रयोगातून उचलून आणलेली होती, हे तिच्या कैवाऱ्यांनी विसरू नये.)

उलट, फ्लोरिडातील ‘टिकी रूम’ या यांत्रिक पक्ष्यांच्या प्रयोगात 1998 साली चित्रपटांतील दोन पक्षी घुसवून मूळ प्रयोगाची टवाळी करण्यात आली होती, ती 2011 च्या आगीनंतर निकालात निघाली आणि जुना प्रयोग, काहीसा आटोपशीर होऊन का होईना, परत आला. अग्निदेवाने केलेली ही समीक्षा मला सर्वांत मार्मिक वाटते.

इंग्लंडातील मार्गेट येथील 1920 ची ‘सीनिक रेल्वे’ ही लाकडी राइड 2008 मध्ये जळाली. परंतु ती सरकारी वारसायादीत असल्यामुळे जळालेले लाकूड बदलून, गाड्या नव्याने घडवून, 2015 साली तिचा जीर्णोद्धार झाला. द्रव्य नवे, तरी कृती जुनीच. कारण उतारांचा घाट तोच राहिला, आणि गाडीवर स्वार होऊन ब्रेक आवळणारा माणूसही यंत्रापायी हद्दपार झाला नाही. टेक्सासमधील 1990 च्या ‘टेक्सास जायंट’चे लाकडी रूळ काढून 2011 साली पोलादी घातले, तेव्हा निघाली ती चांगली राइड होती, पण दुसरी होती, आणि नावामागे ‘न्यू’ लावून मालकांनी ते प्रामाणिकपणे मान्यही केले.

न्यूयॉर्कची 1927 ची ‘सायक्लोन’ ही राइड मत्स्यालयाच्या विस्तारासाठी पाडण्याची तजवीज झाली होती. लोकांनी ती हाणून पाडली आणि 1988 साली शहराने तिला कायद्याचे संरक्षण दिले. कंपन्यांच्या चार भिंतींआड असलेल्या राइड्सना असे छत्र नाही. फ्लोरिडातील ‘मिस्टर टोड’ वाचविण्यासाठी चाहत्यांनी निदर्शने केली, तरी 1998 च्या सप्टेंबरात ती बंद झालीच, आणि तिच्या जागेत पुढच्या वर्षी विनी द पूची राइड सुरू झाली. मालकी हक्क कंपनीचा, हे मान्य. तथापि अशी कृती मोडण्यापूर्वी तिची सांगोपांग मोजमापे, ध्वनी आणि प्रकाशयोजना यांची नोंद सार्वजनिक संग्रहालयाकडे सोपविण्याचे बंधन मालकांवर घालावे, एवढी मागणी तरी या कलेच्या रसिकांनी लावून धरावी.