अध्याहृत कर्म : एका मंडळीच्या पंथप्रवेशाच्या वादाची भाषिक चिकित्सा

प्रॉटेस्टंट पंथांच्या अलीकडच्या इतिहासात जे वाद पुनःपुन्हा उद्भवले, त्यांपैकी एक असा : समलिंगी स्त्रीपुरुषांना उघडपणे आपले मानणारी एखादी मंडळी प्रस्थापित पंथात प्रवेश मागते, तेव्हा त्या पंथाने काय करावे? ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा धर्मशास्त्राच्या किंवा नीतिशास्त्राच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात ती भाषेच्या अंगाने करावयाची आहे. भाषाभ्यासकाने धर्मनिर्णय देऊ नये, हे खरे; परंतु दोन पक्ष एकच शब्द वापरून दोन निरनिराळ्या गोष्टी बोलत असतील, तर ते दाखवून देणे त्याच्या कक्षेबाहेरचे नाही.

चर्चेसाठी अमेरिकेतील एक घटना घेऊ. टेक्सस राज्यातील डॅलस शहरात १९७० साली एक लहान मंडळी स्थापन झाली. ती ज्या संघटनेची घटक झाली, त्या मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चचा प्रारंभ ट्रॉय पेरी ह्या धर्मोपदेशकाने ऑक्टोबर १९६८ मध्ये लॉस एंजलिसजवळ, स्वतःच्या घरी, बारा माणसांसह केला होता. डॅलसची मंडळी वाढत गेली. पुढे तिने ‘कॅथीड्रल ऑफ होप’ हे नाव घेतले. २००३ मध्ये ती मूळ संघटनेतून बाहेर पडली. आणि २००६ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट ह्या पंथाने तिला आपल्यात घेतले. त्या वेळी तिची सभासदसंख्या काही हजारांत होती.

हा पंथ मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. १९५७ साली दोन जुन्या पंथांच्या मीलनातून तो निर्माण झाला. त्यांपैकी काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्यांचा हातभार असलेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस आले होते, आणि १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे त्यांचे काम सुरू झाले. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. ह्या परंपरेचे वैशिष्ट्य असे की, तीत अधिकाराचे मूळ स्थान स्थानिक मंडळी हे असते. पंथाची राष्ट्रीय महासभा ठराव करते, परंतु ते मंडळ्यांना उद्देशून असतात, मंडळ्यांच्या वतीने नसतात. नव्या मंडळीस प्रवेश द्यावयाचा की नाही, हे त्या त्या भागातील मंडळ्यांचा प्रादेशिक संघ ठरवितो. डॅलसच्या बाबतीत हा निर्णय उत्तर टेक्ससच्या संघाकडे होता.

‘मंडळी’ हा मराठी ख्रिस्ती लेखनातील रूढ शब्द येथे फार उपयोगी पडतो. ‘चर्च’ म्हटले म्हणजे वास्तू, संस्था आणि माणसे ह्यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. ‘मंडळी’ म्हटले की माणसेच डोळ्यांपुढे येतात. प्रवेश मागणारी ती माणसे असतात, एखादे मत नव्हे. आणि वादाची सारी गुंतागुंत ह्याच ठिकाणी सुरू होते.

आता वादातील मध्यवर्ती शब्दाकडे वळू. इंग्रजीतील ‘अफर्म’ हे क्रियापद दोन्ही बाजूंच्या दप्तरांत आढळते. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ह्या मोठ्या संघटनेने १९९२ साली उत्तर कॅरोलिनातील दोन मंडळ्यांशी संबंध तोडले. एकीने दोन पुरुषांच्या सहजीवनास आशीर्वाद देण्याचे ठरविले होते. दुसरीने एका समलिंगी विद्यार्थ्यास उपदेशाचा परवाना दिला होता. त्यानंतर १९९३ मध्ये घटनेतील दुरुस्ती पक्की झाली. समलिंगी आचरणास जी मंडळी मान्यता, संमती किंवा पाठिंबा देईल ती संघटनेची सहकारी राहणार नाही, असा तिचा आशय होता. मूळ इंग्रजीत ह्या तीन क्रियापदांपैकी पहिले ‘अफर्म’ हेच आहे.

उलटपक्षी, युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या महासभेने १९८५ मध्ये आपल्या मंडळ्यांना आवाहन केले की, त्यांनी स्वतःस ‘ओपन अँड अफर्मिंग’ म्हणून जाहीर करावे. क्रियापद तेच, परंतु वाक्यरचना पाहिली म्हणजे एक फरक ध्यानात येतो. बॅप्टिस्ट नियमात क्रियापदाला कर्म आहे, आणि ते म्हणजे आचरण. दुसऱ्या पंथाच्या बिरुदात क्रियापद धातुसाधित विशेषण होऊन आले आहे आणि त्याचे कर्म अध्याहृत आहे. कोणाला मान्यता? कशाला मान्यता? ठरावाचा समग्र मजकूर वाचला तर रोख माणसांवर आहे, हे स्पष्ट होते. परंतु ठराव दप्तरात राहतो आणि बिरुद तेवढे लोकांत फिरते. अशा वेळी समर्थक त्या रिकाम्या जागी ‘माणसे’ हा शब्द घालतो, विरोधक ‘आचरण’ हा शब्द घालतो. आणि दोघांनाही आपण प्रतिपक्षाचेच म्हणणे खोडून काढीत आहोत असे वाटत राहते.

हे बिरुद मराठीत आणू लागल्यास त्यातील संदिग्धता लपत नाही. ‘खुली व स्वीकारणारी मंडळी’ असे म्हटले की कर्म माणसांकडे झुकते. ‘समर्थन करणारी’ म्हटले की ते मताकडे किंवा वर्तनाकडे झुकते. ‘मान्यता देणारी’ म्हटले तर ऐकणारा ताबडतोब ‘कशाला?’ असे विचारतो. तिन्ही अर्थ पोटात घेऊन कर्माविषयी मौन पाळणारे क्रियापद मराठीत सहज सापडत नाही. भाषांतरकाराला निवड करावीच लागते, आणि ती करताच तो वादातील एका बाजूस जाऊन उभा राहतो. ह्यास मराठीचे दारिद्र्य मानण्याचे कारण नाही. इंग्रजीने जी गोष्ट झाकून ठेवली ती मराठीने उघडी केली, एवढाच ह्याचा अर्थ.

दुसरा वाद एका संज्ञेचा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील नवव्या वचनात ‘मालाकोई’ आणि ‘आर्सेनोकोइताई’ असे दोन ग्रीक शब्द येतात. १९४६ च्या सुधारित प्रमाण इंग्रजी भाषांतराने ह्या दोहोंसाठी मिळून ‘होमोसेक्शुअल’ हा एकच शब्द योजला. मूळ शब्द पहिल्या शतकातले. त्यांच्या जागी आलेली संज्ञा मात्र १८६९ साली जर्मन भाषेत छापील रूपात प्रथम अवतरलेली. जुने शब्द करणाऱ्याकडे बोट दाखवितात. नवी संज्ञा माणसाच्या एका जातीचे नाव सांगते. १९७१ च्या आवृत्तीत हे भाषांतर बदलण्यात आले आणि १९८९ च्या नव्या भाषांतरात दोन शब्दांना पुन्हा दोन स्वतंत्र प्रतिशब्द मिळाले. मधल्या पंचवीस वर्षांत त्या एका शब्दाने किती वाचकांची मने घडविली असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

येथवर समर्थक पक्षाची बाजू बळकट दिसते. परंतु पुढे तो पक्ष जे प्रतिपादन अनेकदा करतो, ते भाषाशास्त्राच्या कसोटीस पुरते उतरत नाही. ‘आर्सेनोकोइताई’ ह्या समासाचा अर्थ केवळ धंदेवाईक किंवा जुलमी संबंधापुरता होता, असे कित्येकदा ठामपणे सांगितले जाते. इतका नेमका निष्कर्ष काढण्याइतके पुरावे उपलब्ध नाहीत. समासाचा अर्थ म्हणजे घटकपदांच्या अर्थांची बेरीज नव्हे, हे आपल्याकडील वैयाकरणांनी ‘पंकज’ ह्या योगरूढ शब्दाच्या उदाहरणाने केव्हाच शिकविले आहे. चिखलात जन्मणारे सर्वच काही पंकज नसते. पण त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे : योगरूढ शब्दात अवयवार्थ पूर्णपणे नाहीसा होत नाही. शिवाय, लेवीय ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातील तेराव्या वचनाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ह्या समासाची दोन्ही घटकपदे शेजारीशेजारी येतात. हा समास त्या वचनावरून घडला असावा, हे विरोधकांचे म्हणणे म्हणूनच उडवून लावता येणार नाही. विरोधकांची चूक वेगळ्या ठिकाणी आहे. शब्द कोठून आला हे सांगितले की तो आज कोणास लागू पडतो हेही सांगून झाले, असे ते मानतात. व्युत्पत्ती शब्दाचे मूळ दाखविते. सभासदत्वाचा निकाल तिने देता येत नाही.

मग निकाल कशाच्या आधारे द्यावयाचा? ह्या प्रश्नावर मौन पाळणे हाही एक मार्ग असतो. मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चने अमेरिकेतील नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसकडे सभासदत्व मागितले, तेव्हा १९८३ मध्ये तिच्या पात्रतेवरील मतदानच बेमुदत पुढे ढकलण्यात आले. अशा ठरावात नकार नसतो आणि होकारही नसतो. अर्जदार मात्र बाहेरच राहतो. परिषदेत परस्परांहून फार भिन्न अशी चर्चे होती आणि परिषद फुटण्याची भीती खरी होती, हे मान्य केले, तरी त्या भीतीची किंमत अर्जदारानेच मोजावी असे ठरले, हेही मान्य करावे लागेल.

युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने दुसरा मार्ग धरला आणि त्याची किंमत स्वतः मोजली. त्याच्या महासभेने जुलै २००५ मध्ये अटलांटा येथे समलिंगी विवाहाच्या समान हक्कास पाठिंबा देणारा ठराव केला. त्यानंतर अनेक मंडळ्या पंथाबाहेर पडल्या. डॅलसची मंडळी आत आली त्याच वर्षी, म्हणजे २००६ मध्ये, पोर्तो रिकोमधील संलग्न चर्च ह्याच मतभेदामुळे पंथापासून अलग झाले. म्हणजे एका दाराने जे आत आले त्याच्या जोडीला दुसऱ्या दाराने काही बाहेरही गेले. समर्थकांच्या आवडत्या ‘स्वागत’ ह्या शब्दात ह्या घटनेस जागा नाही, आणि आमच्या मते त्या शब्दाचा हाच मोठा दोष आहे. स्वागत पाहुण्याचे होते. पाहुणा आल्याने घराचे नाव बदलत नाही. सभासद आल्याने बदलू शकते. ‘तुमच्या प्रवेशाने आमच्या नावाचा अर्थ बदलतो’ हा विरोधकांचा आक्षेप म्हणून केवळ द्वेषमूलक ठरवून बाजूस सारता येत नाही. त्याचे उत्तर आतिथ्याच्या भाषेत देता येणार नाही. ‘होय, बदलतो, आणि तो बदल आम्ही जाणूनबुजून पत्करतो’ असेच ते द्यावे लागेल.

‘स्वागत’ ह्या शब्दाने प्रवेश मागणाऱ्यांवरही अन्याय होतो. डॅलसची मंडळी छत्तीस वर्षे उपासना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन चालवीत आली होती. ती उंबरठ्यावर उभी राहिलेली आगंतुक नव्हती. संघापुढील खरा प्रश्न, जी माणसे मंडळी म्हणून जगत आहेत त्यांना मंडळी म्हणावयाचे की नाही, हा होता. पंथाच्या स्वतःच्या नियमांनी पाहता ह्यास होकार देणे सुसंगत होते. ज्या परंपरेत स्थानिक मंडळी हेच अधिकाराचे मूळ मानले आहे, तिला एका मंडळीचे मंडळीपण तिच्या सभासदांच्या प्रवृत्तीवरून नाकारावयाचे, तर आधी स्वतःचा पाया बदलावा लागला असता.

सभासदत्वाच्या सीमेचा विचार मराठी ख्रिस्ती परंपरेस नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केलेल्या रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र येऊ शकत होते. तो प्रश्न वेगळा होता, काळही वेगळा होता. एकावरून दुसऱ्याचे समर्थन काढणे योग्य नव्हे. परंतु एक गोष्ट त्यावरून शिकता येते. टिळकांनी नवा गट निराळ्या नावाने उभारला आणि त्यात कोण बसणार हे मोघम ठेवले नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अशा वादांचे दप्तर वाचावे लागेल तेव्हा त्यांनी प्रथम क्रियापदे शोधावीत, प्रत्येकाचे कर्म लिहून काढावे, आणि जेथे ते सापडत नाही तेथे थांबावे. निष्कर्ष कोणताही निघो. ज्या माणसांविषयी तो निर्णय आहे त्यांना त्या वाक्यात कोणते स्थान दिले आहे, हे तरी त्यामुळे स्पष्ट होईल.