सांगोल्याचा करार आणि सहकाराचीं दप्तरें

सांगोला हें नांव इतिहासाभ्यासकांस इ. स. १७५० च्या करारामुळें परिचित आहे. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव याचा बंदोबस्त करण्यास सदाशिवरावभाऊ रामराजासह तेथें गेले, आणि राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांकडे आले. गादी सातारची राहिली, निर्णय पुण्यास होऊं लागला. स्वामित्व एकाचें व अधिकार दुसऱ्याचा, हा भेद लक्षांत ठेवूनच आपण तत्कालीन कागद वाचतों. सहकारी संस्थांचा इतिहास लिहितांना मात्र हा विवेक सुटतो, असा आमचा आक्षेप आहे.

या संस्थांच्या महोत्सवी स्मरणिका ग्रंथसंग्रहांत पुष्कळ येतात. त्यांचा क्रम बहुधा ठराविक असतो: १८७५ चा सुपें येथील दंगा, १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, मग संस्थापकांचें चरित्र, इमारतीचीं छायाचित्रें व शेवटीं आंकडे. घटना खऱ्या असतात. परंतु कर्ज कोणाच्या मतानें मंजूर झालें आणि नफ्यावर हक्क कोणाचा, या दोन प्रश्नांचीं उत्तरें क्वचितच सांपडतात. संस्कृत काव्यांत 'सहकार' म्हणजे सुगंधी आंबा. या स्मरणिकांतही मोहोराचें वर्णन फार, मुळांचा शोध थोडा.

सांगोल्याचेंच उदाहरण घेऊं. कै. गणपतराव देशमुख (मृत्यु २०२१) यांच्या पुढाकारानें या दुष्काळी तालुक्यांत शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. कार्य निःसंशय थोर. तथापि अशा गिरणीस कामगारांची गिरणी म्हणणें युक्त नव्हे. तिचे सभासद शेतकरी. चातीवर राबणारा वेतनावर असतो. शिवाय राज्यांतील सहकारी सूतगिरण्यांसाठीं रूढ झालेल्या वित्तरचनेंत सभासदांचे भाग शेंकडा ५, शासनाचे ४५ व कर्ज ५० असें प्रमाण आहे. पैसा इतका बाहेरचा असतां 'एक सभासद, एक मत' हा नियम कितपत फळला, हें सभांचीं इतिवृत्तें पाहूनच ठरवितां येईल.

श्रमिकांच्या स्वामित्वाचें अधिक जवळचें उदाहरण जंगल कामगार सोसायट्यांचें आहे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळीं, १९४७ पासून, मुंबई इलाख्यांत त्या निघाल्या. ठेकेदारास वगळून कूप तोडणारे मजूरच सभासद झाले. पण त्यांसही पुरस्कर्त्या संस्थांच्या देखरेखीखालीं चालावें लागलें. मजूर मालक झाला, तरी तो कारभारी केव्हां झाला हें निराळें तपासलें पाहिजे.

कर्ज देणाऱ्या संस्थेसही हीच कसोटी लागते. जिल्हा मध्यवर्ती बँक म्हणजे गांवोगांवच्या सोसायट्यांची बँक. तरी २०१८ सालीं सोलापूरच्या बँकेवर प्रशासक नेमावा लागला. थकबाकी कोणाची आणि कर्जें कोणी मंजूर केलीं, याचा निवाडा स्मरणिकेवरून होत नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति आहे. सनदा व महजर आपण प्राणापलीकडे जपतां. सोसायट्यांच्या भागनोंदवह्या, ठरावबुकें, कर्जमागणीपत्रें व थकबाकीच्या याद्या मात्र रद्दींत जातात. त्यांवर मोडी नाहीं, मोर्तब नाहीं. पण सामान्य कुणब्याची सही किंवा अंगठा आहे. पेशव्यांचा अधिकार गादीच्या नांवावरून नव्हे, पत्रव्यवहारावरून उलगडला. सहकारांत सत्ता सभासदाची होती कीं नाहीं, हेंही पाटीवरून कळणार नाहीं. हे कागद गेले, तर पुढील पिढीस पाटीच तेवढी उरेल.