ध्वनिचित्रफितीतील आखाडा : अमेरिकी व्यावसायिक कुस्ती आणि स्मरणरंजन

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचे १९८० च्या दशकातील कार्यक्रम घरगुती ध्वनिचित्रफितींवर पुन्हा पुन्हा पाहणारा आणि त्या फिती जपून ठेवणारा एक प्रेक्षकवर्ग आहे. ज्या लढतीचा निकाल मुळातच ठरलेला होता आणि जो आता पाठही झालेला आहे, ती लढत पुन्हा का पाहावीशी वाटते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. मराठीत अशा ठरवून केलेल्या लढतीला 'नुरा कुस्ती' म्हणतात आणि त्या शब्दातच फसवणुकीचा ठपका आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात निकाली कुस्ती पाहण्यास येणाऱ्या रसिकाला नुरा लढत हा विश्वासघात वाटतो. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत मात्र मल्ल आणि प्रेक्षक यांच्यात एक अलिखित करार गृहीत असतो. १९८९ मध्ये वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे हा प्रकार क्रीडास्पर्धा नसून करमणूक असल्याचे स्वतःच मान्य केले. त्यामागे क्रीडा नियमनातून सुटका करून घेण्याचा व्यावहारिक हेतू होता. तरीही करार मोडला नाही.

फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथात या कराराची चिकित्सा केली आहे. मुष्टियुद्ध ही काळाच्या ओघात उलगडणारी कथा असते, तर कुस्तीत प्रत्येक क्षण आपला अर्थ स्वतःबरोबर घेऊन येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. परंतु बार्थ यांच्यासमोरचा प्रेक्षक सभागृहात बसलेला आणि एकदाच पाहणारा होता. फीत मागे फिरवू शकणारा प्रेक्षक त्यांच्या विवेचनात येत नाही, आणि येथे नेमका तोच विचारात घ्यावयाचा आहे.

हा प्रेक्षक घडला तो कॉलिसियम व्हिडिओ या वितरकामुळे. १९८५ ते १९९७ या काळात या वितरकाने फेडरेशनच्या फिती बाजारात आणल्या आणि त्या प्रामुख्याने भाड्याने फिती देणाऱ्या दुकानांतून घरोघर पोहोचल्या. त्या काळी दूरचित्रवाणीवरील साप्ताहिक कार्यक्रमांत नामवंत मल्लासमोर बहुधा एखादा अनामिक मल्ल उभा केला जाई आणि तो दोन-तीन मिनिटांत पराभूत होई. दोन नामवंतांची खरी गाठ पाहावयाची, तर सभागृहात जावे लागे, शुल्क भरून थेट प्रक्षेपण घ्यावे लागे, अथवा फीत आणावी लागे. त्यामुळे फितीला दुर्मीळतेचे मोल आले. आजच्या स्मरणरंजनात या दुर्मीळतेचा वाटा मोठा आहे. लढतींच्या गुणवत्तेचा तितका असेलच असे नाही.

२९ मार्च १९८७ रोजी पॉन्टियाक सिल्व्हरडोममध्ये झालेल्या तिसऱ्या 'रेसलमेनिया'ची फीत या दृष्टीने उद्बोधक आहे. जनसमुदाय जमला होता तो हल्क हॉगन आणि आंद्रे द जायंट यांच्यासाठी. मात्र निर्विकारपणे पाहिल्यास ही लढत संथ आहे. आंद्रेच्या पाठीवर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती आणि त्याला हालचाल कठीण होती. हॉगनने त्याला उचलून आपटले, तो एक क्षण वगळता तीत फारसे काही घडत नाही. बार्थ यांचा सिद्धान्त येथे तंतोतंत लागू पडतो. याउलट त्याच दिवशीची रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची सुमारे पंधरा मिनिटांची लढत सॅव्हेजच्या आग्रहामुळे डावागणिक आधी बसवलेली होती. तीत खोटे पडलेले डाव, निसटते बचाव आणि त्यांचे पडसाद यांची अशी वीण आहे की दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहताना ती अधिक उमगते. सभागृहातील प्रेक्षकाने पहिली लढत डोक्यावर घेतली. फीत मागे फिरवणाऱ्याने दुसरीला अभिजाततेचा दर्जा दिला. माध्यम बदलले की रसिकतेचे निकष कसे बदलतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित आढळते.

त्या दिवशीची उपस्थिती ९३,१७३ होती, असे फीत ठामपणे सांगते. कुस्तीविषयक पत्रकार डेव्ह मेल्टझर यांच्या मते ती सुमारे ७८,००० होती. स्मरणात मात्र पहिलाच आकडा रुजला आहे, कारण मागे फिरवून पुन्हा ऐकता येतो तो तेवढाच.

फितीवरील आवाज कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न न्यायालयातही गेला. समालोचक जेसी व्हेंचुरा याने आपले समालोचन असलेल्या फितींच्या उत्पन्नातील वाट्यासाठी दावा लावला. १९९४ मध्ये ज्यूरीने त्याला आठ लाख डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली आणि पुढील वर्षी अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. याच व्हेंचुराने १९८६ मध्ये मल्लांची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला होता. तो निष्फळ ठरला. फितींवर प्रेम करणारा प्रेक्षक या इतिहासाकडे बहुधा फिरकत नाही.

२००१ मध्ये फेडरेशनने प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू ही संस्था तिच्या फितींच्या संग्रहासह विकत घेतली आणि त्यानंतर इतर संग्रहही तिच्याकडे आले. आता भूतकाळ एकाच हाती होता. निसर्गसंवर्धन संस्थेशी झालेल्या नामवादामुळे २००२ मध्ये कंपनीचे नाव डब्ल्यूडब्ल्यूई झाले. त्यानंतर २०१२ पर्यंत जुन्या दृश्यांतील १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील बोधचिन्ह धूसर केले जाई आणि जुन्या नावाचा उच्चार गाळला जाई. ही कायद्याने लादलेली विस्मृती होती. स्वखुशीने केलेली फेरमांडणी अधिक बोलकी आहे. २००५ मध्ये कंपनीने अल्टिमेट वॉरियर या आपल्याच माजी विजेत्याची यथेच्छ निर्भर्त्सना करणारी डीव्हीडी प्रकाशित केली. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याला सन्मानाने कीर्तिदालनात समाविष्ट केले; तीन दिवसांनी तो निवर्तला आणि तेव्हापासून तीच कंपनी त्याचे गौरवगान करीत आली आहे. दृश्ये तीच, निवेदन मात्र उलटे.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये स्मरणरंजनाचे दोन प्रकार मांडले : गतकाळ जसाच्या तसा उभारू पाहणारे आणि त्याच्या तुटलेपणावर चिंतन करणारे. कंपनीच्या डीव्हीडी पहिल्या प्रकारात आणि चाहत्यांनी टपालाने एकमेकांना पाठविलेल्या, प्रतीवरून प्रत काढून पुसट झालेल्या फिती दुसऱ्या प्रकारात, अशी वाटणी मोहक असली तरी ती अपुरी आहे. एकाच घरात दोन्ही असतात. मात्र घरी मुद्रित केलेल्या फितीत त्या काळच्या जाहिराती आणि अर्धवट तुटलेला शेवट शिल्लक राहतो. तिच्यावर मालकाचे नवे निवेदन चढत नाही, हा तिचा दस्तऐवज म्हणून गुण मान्य करावा लागतो.

तिसऱ्या रेसलमेनियाच्या त्या फितीत दिसणारा आंद्रे १९९३ मध्ये ४६ व्या वर्षी गेला. डेव्ही बॉय स्मिथ २००२ मध्ये ३९ व्या वर्षी. सॅव्हेजसोबत आलेली एलिझाबेथ २००३ मध्ये ४२ व्या वर्षी. कंपनी आपल्या मल्लांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानत आली आहे. हे ठाऊक असलेला प्रेक्षक तीच फीत पुन्हा लावतो तेव्हा त्याची नजर हॉगनच्या विजयमुद्रेवर ठरत नाही. आंद्रेच्या पोशाखाखाली पाठीला आधार देणारा पट्टा कोठे दिसतो का, हे ती शोधू लागते.